ताजा फोटो, शिळा फोटो

बुधवारा ही बुऱ्हाणपुरातली जुनी बाजारवस्ती. इथून निघून तापीचं पात्र ओलांडलं की जैनाबाद लागतं, आणि जैनाबादेत आहुखाना आहे. आज लोक तो पाहायला जातात ते मुमताज महलसाठी. १६३१च्या जूनमध्ये ती बुऱ्हाणपुरात वारली आणि आग्र्याला नेईपर्यंत तिचा देह जैनाबादच्या बागेत पुरलेला होता. आहुखान्याचं मूळ काम मात्र वेगळं होतं. हरणं राखावीत आणि शाही माणसांनी ती टिपावीत, यासाठीची ही जागा. अकबराचा मुलगा दानियाल दख्खनचा सुभा सांभाळायला बुऱ्हाणपुरात आला आणि १६०५मध्ये इथेच गेला. जहांगीरने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की भावाला बंदुकीचा फार नाद होता आणि लाडक्या बंदुकीला त्याने थेट जनाज्याची बरोबरी करणारं नाव दिलं होतं. बापाने दारूवर पहारे बसवले, तेव्हा नोकराने त्याच बंदुकीच्या नळीतून दारू आत आणली. नळीतला गंज दारूत उतरला आणि शहजादा गेला. शिकारपुरा नावाची वस्ती या शहरात आजही आहे.

अशा शहरात वाढलेल्याला शिकारीची एक बाब चटकन समजते. बंदुकीचं काम शेवटच्या क्षणाचं असतं. त्याआधीचे आठ-पंधरा दिवस खबर काढण्याचे. मुघलांकडे त्यासाठी करावल नावाची माणसंच नेमलेली असत. जनावर कुठे आहे, किती आहेत, पाण्यावर केव्हा येतं, हे हेरून त्यांनी सांगितल्याशिवाय बादशहाची स्वारी निघत नसे. पुढे साहेबांच्या काळात हेच काम गावच्या माग काढणाऱ्यांकडे आलं. ओढ्याच्या रेतीतला ठसा कालचा की आजचा, हे ते बोटाने चाचपून सांगत. मग रेडा बांधायचा, मचाण घालायचं, हाका काढायचा. शिकारीच्या पुस्तकांत नाव नेम धरणाऱ्याचं छापलं गेलं; ज्याने जागा दाखवली त्याचं क्वचितच.

त्या माग काढणाऱ्याच्या जागी आज एक पेटी आली आहे. वीटभर आकाराची, झाडाच्या रंगाची, पट्ट्याने खोडाला आवळलेली. अमेरिकेत तिला ट्रेल कॅमेरा म्हणतात, आपल्याकडे कॅमेरा ट्रॅप. तिकडे ती दुकानात मिळते आणि बहुतेक वेळा शिकारी ती विकत घेतो. इकडे ती वनखात्याची आणि संशोधकांची. यंत्र तेच, प्रश्नही तेच: कुठे, केव्हा, किती. फरक पडतो तो उत्तर कुणाच्या हातात जातं आणि किती ताजं असताना जातं, यावर.

आधी पेटीच्या आत डोकावू. तिचं काम डोळ्यापेक्षा कातडीसारखं चालतं. ती उजेड पाहत बसत नाही, ऊब हेरते. पुढच्या बाजूला दुधी प्लास्टिकची एक खाचांची भिंगपट्टी असते. ती समोरच्या पट्ट्याचे अनेक कप्पे पाडते. एका कप्प्यातून दुसऱ्यात आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उबदार किंवा थंड असं काही सरकलं, की आतल्या संवेदकावर पडणाऱ्या अवरक्त किरणांत चढउतार होतो आणि निमिषात शटर उघडतं. म्हणजे दोन अटी हव्यात: हालचाल आणि तापमानातला फरक. स्तब्ध बसलेलं जनावर तिला दिसत नाही. आणि तापीखोऱ्यातल्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीच्या घरात गेलेला असताना, दगड आणि वाघाचं अंग यांच्या तापमानात फारसं अंतर उरत नाही. भर दुपारी पेटी आंधळी होते. उलट ऊन लागलेलं वाळलं गवत वाऱ्याने हललं तरी ती फसते आणि कार्डावर गवताचे शेकडो फोटो जमा होतात. म्हणून कॅमेरा बांधणारा आधी विळा काढतो, समोरचं गवत साफ करतो, पेटीचं तोंड उगवती-मावळतीकडे येणार नाही असं पाहतो आणि मग पट्टा आवळतो. त्यानंतर तो स्वतः चार पायांवर तिच्यासमोरून चालत जातो. वाघाच्या उंचीवर दिवा लुकलुकला तर ठीक.

रात्रीचा उजेड हा वेगळा विषय. काही पेट्यांत अवरक्त दिवे असतात. एक प्रकार अंधारात मंद लालसर दिसतो, दुसरा अजिबात दिसत नाही. जनावर बुजू नये म्हणून शिकाऱ्याला दुसरा आवडतो. पण त्या उजेडातला फोटो करडा आणि धूसर येतो. वाघाचे पट्टे एकेक करून वाचायचे तर पांढरा झगझगीत फ्लॅश लागतो. म्हणून आपल्याकडच्या व्याघ्रगणनेत फ्लॅशच्या पेट्या वापरतात. वाघ कधी दचकतो, कधी दुसऱ्या दिवशी मुद्दाम येऊन पेटी हुंगतो. अस्वल आणि हत्ती थेट तोडफोड करतात. माणूस कार्ड काढून नेतो किंवा पेटीच उचलतो. म्हणून लोखंडी खोका, साखळी आणि कुलूप.

या यंत्राचा जन्मच शिकाऱ्याच्या घरात झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज शिरास नावाचा अमेरिकी वकील मिशिगनच्या तळ्यांवर हरणांची शिकार करायचा. त्याने बंदूक ठेवून कॅमेरा घेतला. पायवाटेवर तार ताणायची, हरणाचा पाय अडला की दारूचा भपका उडून फोटो निघायचा. १९०६च्या जुलैत नॅशनल जिओग्राफिकने त्याचे ७४ फोटो छापले. ही तार आपल्याकडे आणली फ्रेडरिक चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने. संयुक्त प्रांतातल्या जंगलवाटांवर रात्री तार लावून त्याने मोकळ्या वाघाचे फोटो मिळवले आणि १९२७मध्ये त्यांचं पुस्तक केलं. जिम कॉर्बेटच्या हातात कॅमेरा यायला चॅम्पियनची संगत कारणीभूत झाली. वाघाचे पट्टे पाहून वाघ ओळखता येतो, हेही चॅम्पियनने तेव्हाच सांगून ठेवलं होतं. पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकांत अमेरिकेत हरणाच्या शिकाऱ्यांसाठी तारेऐवजी अवरक्त किरणांवर चालणारी उपकरणं बाजारात आली. त्यातलंच एक घेऊन डॉ. उल्हास कारंत नागरहोळेच्या जंगलात वाघ मोजायला बसले. शिकारीच्या दुकानातली वस्तू गणतीच्या कामाला लागली ती अशी.

तिकडे मात्र ती शिकाऱ्याकडेच राहिली, आणि तिथे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या वाळवंटी डोंगरांत बिगहॉर्न नावाची जंगली मेंढरं असतात. नराची शिंगं जाड, मागे वळून गालाशी येणारी. शिकारीचा परवाना सोडतीने मिळतो आणि अनेकांना आयुष्यात एखाद्याच वेळी लागतो. त्यामुळे ज्याला लागला तो महिनोन्महिने आधीपासून तयारीला लागतो. डोंगर अफाट, पण पाणी मोजकं. उन्हाळ्यात कळप पाणवठ्यावर यायलाच हवा. मग पाणवठ्यावर पेटी बांधली की घरबसल्या हजेरीपट मिळतो: कोणता नर येतो, किती वाजता, शिंगांचा वेढा कुठवर गेलाय, बुंधा किती जाड, वाढीच्या वळ्यांवरून वय किती. वाघाला पट्ट्यांवरून ओळखता येतं तसं मेंढराला येत नाही. पण तुटलेलं टोक, खपलेली कड, यांवरून एखादा मोठा नर पक्का लक्षात राहतो. त्याचं नाव पडतं, त्याच्यावर मार्गदर्शकांचा डोळा असतो, आणि हंगाम उघडतो त्या सकाळी त्याच्या वाटेवर माणूस बसलेला असतो.

एका पाणवठ्यावर एक पेटी असती तर कदाचित कुणी बोललं नसतं. पण पेट्या स्वस्त झाल्या, एकेका डबक्याभोवती त्यांची दाटी झाली, त्या तपासायला माणसांची ये-जा वाढली आणि तहानलेली जनावरं बिथरू लागली. त्यात मोबाइलच्या जाळ्यातून फोटो तत्क्षणी खिशात पाठवणारी पेटी आली. तेव्हा शिकाऱ्यांमध्येच भांडण लागलं. जनावराला निसटायची वाजवी संधी असेल तरच ती शिकार, असं मानणारी तिथली जुनी परंपरा आहे, आणि ती सांभाळणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबने तत्क्षणी फोटो पाठवणाऱ्या पेटीच्या मदतीने केलेली शिकार आपल्या नोंदवहीत घ्यायला नकार दिला. नेवाडा राज्याने शिकारीच्या हंगामात ऑगस्ट ते डिसेंबर पेट्यांवरच बंदी घातली. २०२२पासून अॅरिझोनाने शिकारीसाठी त्यांचा वापर पूर्णच थांबवला आणि युटानेही जुलैअखेरपासून वर्षअखेरपर्यंत मोठ्या जनावरांसाठी मनाई केली. यात पेटी वाईट, असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. नेवाडा आणि युटाच्या नियमांत महत्त्व आहे ते महिन्यांना. मार्चमधला फोटो चालेल. ऑक्टोबरमधला, कालचा, आत्ताचा चालणार नाही.

आपल्याकडे जंगली मेंढरं आहेत ती लडाखमध्ये: सिंधू आणि श्योकच्या काठचा शापू, हानलेकडचा न्यान, आणि मेंढा व बकरा यांच्या मधला म्हणावा असा भरल. सीमेपलीकडे गिलगिट-बाल्टिस्तानात शिकारीचे परवाने लिलावाने विकून त्यातला ८० टक्के पैसा गावांना देण्याची पद्धत आहे. आपण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो रस्ता बंद केला. लडाखच्या खिंडींत आज ज्या पेट्या बांधतात त्या या मेंढरांमागून येणाऱ्या हिमबिबट्यासाठी. २०२४मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या देशव्यापी अंदाजात भारतात ७१८ हिमबिबटे निघाले, त्यातले ४७७ लडाखात.

शिकारबंदी आली तरी वाघांची मोजणी बरीच वर्षं माग काढणाऱ्याच्याच पद्धतीने चालली. पंजाचा ठसा काचेवर गिरवायचा, त्यावरून वाघ ओळखायचा. २००४-०५मध्ये राजस्थानातल्या सरिस्क्यात वाघच उरला नसल्याचं उघड झालं, तेव्हा कागदोपत्री तिथे डझनाहून अधिक वाघ होते. ठशांवरचा विश्वास त्या दिवशी संपला. २००६पासून दर चार वर्षांनी कॅमेऱ्याच्या आधारे अंदाज होऊ लागला. पहिला आकडा १,४११चा. २०२२चा ३,६८२चा, त्यात मध्य प्रदेशात ७८५ आणि महाराष्ट्रात ४४४.

यातली रीत साधी, पण कडक आहे. जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडायचे. प्रत्येकात वाघ जिथून जाईलच अशा वाटेवर पेट्यांची जोडी बांधायची, गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोरासमोर पण किंचित तिरकी. जोडी कशासाठी? वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. एकच बाजू मिळाली तर एका वाघाचे दोन वाघ मोजले जातात. जोडी तीसेक दिवस ठेवायची. फार लांबवायचं नाही, कारण मधल्या काळात वाघ जन्मला, मेला किंवा निघून गेला तर हिशेब बिघडतो. मग संगणक फोटोंतून प्राणी वेगळे करतो, वाघाची कूस एका नमुन्याच्या अंगावर ताणून बसवतो आणि पट्टे जुळवतो. किती वाघ पुन्हा पुन्हा आले आणि किती एकदाच, यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधतात.

२०१८च्या फेरीत २६,८३८ ठिकाणी पेट्या लागल्या आणि ३ कोटी ४८ लाखांहून अधिक फोटो निघाले. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्यातले वाघाचे फोटो किती? ७६,६५१. म्हणजे हजारात दोन-सव्वादोन. उरलेल्यांत चितळ, सांबर, बिबटे, रानडुकरं, गायी-म्हशी, डोलणारं गवत आणि माणसं. गुराखी, मोहफुलं वेचणाऱ्या बायका, सायकलवरचा पोरगा, खांद्यावर कुऱ्हाड टाकलेला एखादा. जंगलाची गणती करताना आपण गावाचाही हजेरीपट लिहीत असतो, हे लक्षात यायला उशीर लागला. उत्तराखंडात कॉर्बेटच्या परिसरातला अभ्यास २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. पेट्यांमुळे जंगलातल्या बायकांचं मोकळेपण कसं गेलं, गाणी आणि गप्पा कशा थांबल्या, आणि एका बाईचा खासगी क्षणातला फोटो गावभर कसा फिरवला गेला, हे त्यात नोंदलंय. वाघासाठी शिळा झालेला फोटो माणसासाठी शिळा होत नाही.

मग कॅमेरा लावून शिकार आपल्याकडे झालीच नाही का? झाली. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या वनविभागात २०१६ ते २०१८ या काळात १३ माणसांच्या मृत्यूंचा ठपका टी-१ या वाघिणीवर आला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अकराव्या कलमान्वये तिला बेशुद्ध करून पकडावं, न जमल्यास मारावं, असा आदेश निघाला आणि सप्टेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. मग राळेगावच्या रानात सगळं जमलं: शंभराच्या आसपास कॅमेरे, हत्ती, ड्रोन, निष्णात नेमबाज, आणि मांजरकुळाला खेचून घेतं म्हणून परदेशी अत्तरसुद्धा. बछड्यांसह तिचे फोटो मिळाले. पण कार्डावरचा फोटो कार्ड काढल्यावर दिसतो. सकाळी पेटी उघडून वाघीण रात्री इथून गेली एवढं कळलं, तरी ती आता कुठे आहे हे तो फोटो सांगत नाही. आणि कपाशीची शेतं, झुडपं, नाले यांच्या त्या मुलखात रात्रभरात वाघ सहज पंधरा-वीस किलोमीटर जातो. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली ती गाडीच्या उजेडात, जवळून. त्या रात्रीची कार्यपद्धती बरोबर होती का, यावर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीने बोट ठेवलं आणि वाद कोर्टात गेला. इथे ध्यानात घ्यायचं ते एवढंच: ज्या शिळेपणामुळे पेटी गणतीला उपयोगी, त्याच शिळेपणामुळे ती पाठलागाला तोकडी पडली.

याच्या उलट, शिळा फोटो किती कामाचा ठरतो याचं उदाहरण धाराशिवचं. डिसेंबर २०२४मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्यात, जिथे वाघाची कुणाला अपेक्षाच नव्हती, पेटीत एक वाघ आला. पट्टे जुन्या फोटोंशी ताडले, तेव्हा तो यवतमाळच्या टिपेश्वरचा निघाला. कुणीतरी कधीतरी काढून, नाव-तारीख घालून ठेवलेला फोटो नसता तर हा वाघ कुठून आला ते कळलंच नसतं. शिकाऱ्याच्या लेखी असा फोटो रद्दी. वाटा शोधणाऱ्याच्या लेखी तोच पुरावा, कारण दोन जंगलांमधली वाट अजून चालती आहे हे त्यातून सिद्ध होतं.

बुऱ्हाणपूर अशाच एका वाटेवर आहे. पूर्वेला खकनारच्या पुढे धारणी आणि मेळघाट, १९७३च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. दक्षिणेला मुक्ताईनगरचं वढोद्याचं जंगल, जे २०१४मध्ये मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव म्हणून घोषित झालं. पश्चिमेला यावलचं अभयारण्य. मेळघाटातून सातपुड्याच्या अंगाने पश्चिमेला सरकणाऱ्या वाघाला याच टापूतून जावं लागतं. राज्याची सीमा त्याला माहीत नाही, पण पेट्यांना आहे: एक जोडी महाराष्ट्राच्या खात्याची, पुढची मध्य प्रदेशाची. व्याघ्र प्रकल्पात दरवर्षी मोजणी होते. साध्या वनविभागाच्या रानात चार वर्षांनी येणाऱ्या राष्ट्रीय फेरीवरच मुख्य भिस्त असते. आणि इथलं रान स्वस्थ नाही. २०२२-२३च्या हिवाळ्यात नेपानगरकडच्या घाघरला परिसरात अतिक्रमणासाठी एवढी झाडं पडली की त्याचा आवाज भोपाळपर्यंत गेला.

अशा रानात ताज्या फोटोचा मोह सगळ्यांनाच पडतो. वनखात्याला तो हवा असतो कुऱ्हाडवाल्याला पकडायला, पत्रकाराला पहिल्या पानासाठी, हौशी माणसाला व्हॉट्सॲपवर टाकायला. आणि चोरट्या शिकाऱ्याला सर्वांत आधी हवा असतो. २०१३मध्ये मेळघाटात वाघ मारणाऱ्या टोळ्या सापडल्या, त्या शेकडो किलोमीटरवरच्या कटनीकडून आलेल्या होत्या. परमुलखातून येणाऱ्याला स्थानिक माग काढणारा मिळणं अवघड. पाणवठ्याच्या नावासकट फोटो फिरला की ते कामही कुणीतरी फुकट करून दिलेलं असतं. दानियालच्या पदरी करावल होते, पगारावर. आजच्या टोळीला एक उत्साही फॉरवर्ड पुरतो.

म्हणून अॅरिझोना-नेवाड्याच्या भांडणातून आपण घ्यायचं ते बंदीचं शेपूट नाही, त्यामागचा हिशेब घ्यायचा आहे. फोटोचं वय हा सुद्धा नियमाचा विषय असू शकतो, हे तिकडच्या शिकाऱ्यांनी मान्य केलं. आपण जागेबद्दल थोडे सावध झालो आहोत, वेळेबद्दल अजून नाही. व्याघ्रगणनेची सहावी फेरी २०२६ची. ती असो की खकनारच्या एखाद्या नाल्यावर बांधलेली एकटी पेटी, तिच्याबरोबर तीन गोष्टी कागदावर यायला हव्यात. वाघाचा फोटो किती दिवसांनी आणि जागेच्या नावाशिवाय बाहेर जाईल. माणसाचा फोटो कोण पाहील आणि केव्हा पुसला जाईल. आणि पेटी इथे लागली आहे, ही गोष्ट त्या वाटेने मोहफुलाला जाणाऱ्या कोरकू बाईला कोण सांगेल. तिसरीला पैसा लागत नाही, संगणक लागत नाही. ग्रामसभेच्या एका बैठकीत ती होते. सुरुवात तिच्यापासून करावी.